तालावर पडणारे पाऊल : एका प्रयोगाची उलटतपासणी

कंपवाताच्या रुग्णाला संगीत ऐकवले आणि तो चालू लागला, अशा अर्थाच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून अधूनमधून येत असतात. बातमीत बहुधा एक रुग्ण असतो, एखादे गाणे असते आणि शेवटी 'संगीतोपचार' हा शब्द असतो. अशी बातमी खोटी असतेच असे नाही, पण ती पुरी मात्र क्वचितच असते. तुलना कोणाशी केली, फरक किती पडला, तो नेमका कशामुळे पडला आणि किती दिवस टिकला, हे चार प्रश्न बातमीत विचारलेलेच नसतात.

हे चार प्रश्न या लेखात आम्ही एका शोधनिबंधाला विचारणार आहोत. मायकेल थाउट, जेराल्ड मॅकिन्टॉश आणि त्यांचे सहकारी यांचा हा निबंध १९९६ साली 'मूव्हमेंट डिसऑर्डर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठात झालेले हे काम या विषयातले पायाभूत काम मानले जाते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तालबद्ध ध्वनी आणि चाल यांवर जे लिहिले गेले, त्यात याचा उल्लेख वारंवार सापडतो.

शिक्षकांच्या मासिकात शोधनिबंधाची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. पाठ्यपुस्तकात विज्ञान येते ते निष्कर्षांच्या रूपात. निष्कर्षाकडे नेणारी वाट, तिच्यावरचे खड्डे आणि त्यातून काढलेला मार्ग विद्यार्थ्यांना सहसा दिसत नाही. हा निबंध तपासायला आठवीचे गणित आणि थोडी चिकित्सक वृत्ती पुरते. शिवाय यात एका म्हाताऱ्या माणसाचे पडणे किंवा न पडणे गुंतलेले आहे, म्हणून ही तपासणी केवळ बौद्धिक व्यायाम ठरत नाही.

आजारात चालीचे काय होते

लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांच्या निरीक्षणांवरून या आजाराचे वर्णन केले. हातांच्या थरथरण्यामुळे आपण त्याला कंपवात म्हणतो. पण रुग्णाला आणि घरच्यांना कंपापेक्षा जास्त जाच होतो तो हालचालींच्या मंदपणाचा आणि बिघडलेल्या चालीचा. मध्यमेंदूत 'सब्स्टॅन्शिया नायग्रा' नावाचा गडद रंगाचा भाग आहे. तेथील चेतापेशी डोपामिन हे रसायन तयार करतात आणि ते मेंदूच्या आतल्या भागातील 'बेसल गँग्लिया' या केंद्रकांना पुरवतात. या पेशी हळूहळू मरत जातात. बाहेर लक्षणे दिसू लागेपर्यंत त्यांतील बराच मोठा वाटा नष्ट झालेला असतो.

निरोगी माणूस चालताना पावलांचा विचार करत नाही. बोलत, भाजी निवडत, नाणी मोजत तो चालू शकतो. सवयीच्या हालचाली अशा आपोआप घडवण्यात, एका हालचालीमागून दुसरी वेळेवर सुरू करण्यात आणि तिचा आवाका ठरवण्यात बेसल गँग्लियाचा मोठा वाटा असतो. डोपामिन कमी पडले की ही आपोआप होणारी व्यवस्था ढासळते. पावले आखूड होतात, पाय घासत पडतात, हात झुलत नाहीत. काही रुग्णांचे पाय मध्येच जमिनीला खिळल्यासारखे होतात, विशेषतः दारातून जाताना किंवा वळताना. याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'गोठणे' असा आहे. पाय गोठलेला असतो, पण धड पुढे झुकलेलेच असते, आणि अशा वेळी माणूस पडतो.

यातली एक बाब नीट ध्यानात ठेवायला हवी. पावलांची गती, म्हणजे मिनिटाला पडणारी पावले, या आजारात फारशी घटत नाही. घटते ती पावलाची लांबी. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे मेग मॉरिस, रॉबर्ट इॲन्सेक आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली हे मोजमाप करून दाखवले. समजा, एक माणूस ६० सेंटिमीटरचे पाऊल टाकतो आणि मिनिटाला ११० पावले चालतो. मिनिटात तो ६६ मीटर जाईल. पाऊल ४० सेंटिमीटरवर आले तर तेवढ्याच पावलांत तो ४४ मीटरच जाईल. पूर्वीचा वेग गाठायचा तर त्याला मिनिटाला १६५ पावले टाकावी लागतील. काही रुग्ण लहान लहान पावले भराभर टाकत धावल्यासारखे का चालतात, याचा काहीसा अंदाज या आकडेमोडीतून येतो.

प्रयोगाआधीच्या गोष्टी

बाहेरून खूण मिळाली की गोठलेला पाय उचलला जातो, हे १९९६ च्या कितीतरी आधी ठाऊक होते. जेम्स पर्डन मार्टिन या ब्रिटिश चेतातज्ज्ञांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याची चर्चा केली आहे. चालण्याच्या दिशेला आडव्या रेषा जमिनीवर आखल्या तर त्या ओलांडत रुग्ण चालू शकत. चालण्याच्या दिशेने उभ्या आखलेल्या रेषांचा तसा उपयोग होत नसे.

ऑलिव्हर सॅक्स यांच्या 'अवेकनिंग्ज' (१९७३) या पुस्तकाने ही निरीक्षणे सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेली. संगीत सुरू होताच ज्यांच्या अंगात हालचाल येते आणि ते थांबताच जे पुन्हा थिजतात, असे रुग्ण त्यात भेटतात. १९९० साली याच नावाचा चित्रपट आला. फरशीवरची नक्षी जेथे संपते तेथे एक बाई थबकते, आणि नक्षी पुढे रंगवल्यावर ती पुढे चालत जाते, हा त्यातला प्रसंग पाहणाऱ्याच्या लक्षात राहतो.

या पुस्तकाबद्दल आम्हाला आदर आहे. निरीक्षणाची इतकी बारकाई आणि रुग्णाकडे माणूस म्हणून पाहण्याची इतकी ओढ वैद्यकीय लेखनात विरळाच. पण आधार म्हणून त्याचा वापर करताना दोन गोष्टी विसरता येणार नाहीत. एक म्हणजे सॅक्स यांचे रुग्ण नेहमीच्या कंपवाताचे नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पसरलेल्या 'निद्रारोगा'च्या, म्हणजे एका प्रकारच्या मेंदूदाहाच्या साथीतून वाचलेली ती माणसे होती, आणि त्यांना नंतर कंपवातासारखी लक्षणे जडली होती. दुसरी गोष्ट अशी की लेखक सांगतो ते लक्षात राहण्याजोग्या रुग्णांबद्दल. ज्यांच्यावर संगीताचा काहीच परिणाम झाला नाही, त्यांच्यावर प्रकरण लिहिले जात नाही. गोष्टीतून शक्यता कळते, प्रमाण कळत नाही. प्रमाण कळण्यासाठी मोजणी लागते आणि मोजणीला अर्थ येण्यासाठी तुलना लागते. १९९६ च्या निबंधाचे महत्त्व येथे सुरू होते.

तीन गट, तीन आठवडे

थाउट आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या ३७ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटातल्या १५ जणांना तीन आठवडे तालावर चालण्याचा सराव दिला. त्यांच्यासाठी ध्वनिफिती तयार केल्या होत्या. त्यांतील वाद्यसंगीतात ठोका मुद्दाम ठळक केलेला होता, आणि फितीची लय टप्प्याटप्प्याने वाढत जात होती. दुसऱ्या गटातल्या ११ जणांनी चालण्याचा तसाच सराव केला, पण तालाविना, स्वतःच्या वेगाने. तिसऱ्या गटातल्या ११ जणांना कोणताही सराव दिला नाही.

तीन आठवड्यांनंतर पहिल्या गटाचा चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला. ढांगेची (दोन पावले मिळून होणाऱ्या अंतराची) लांबी १२ टक्क्यांनी आणि पावलांची गती १० टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटाचा वेग ७ टक्के वाढला, पण ही वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. तिसऱ्या गटाचा वेग ७ टक्के घटला.

हे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे विद्यार्थ्यांना लगेच तपासता येईल. वेग म्हणजे लांबी गुणिले गती. १.१२ × १.१० = १.२३२, म्हणजे सुमारे २३ टक्के. सरासऱ्यांचा गुणाकार आणि गुणाकारांची सरासरी यांत थोडा फरक राहतोच, तेव्हा २५ ला हा आकडा पुरेसा जवळ आहे. आकडेमोडीतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसते. वेग केवळ पाय भराभर उचलल्याने वाढलेला नाही, पाऊलही लांब पडले आहे. कंपवातात नेमकी तीच गोष्ट बिघडलेली असते.

या आखणीतले सर्वांत मोठे गुण म्हणजे दुसरा आणि तिसरा गट. तिसरा गट नसता तर पहिल्या गटाची सुधारणा हवामानामुळे, औषधामुळे की नुसत्या काळाच्या ओघात झाली, हे सांगता आले नसते. दुसरा गट नसता तर सुधारणेचे श्रेय चालण्याच्या व्यायामाला द्यायचे की तालाला, हे ठरले नसते. आणखी एक बारकावा आम्हाला फार मोलाचा वाटतो. सराव संपल्यानंतर, कानावर ताल नसतानाही, पहिल्या गटातले रुग्ण शेवटच्या फितीचा वेग जेमतेम दोन टक्क्यांच्या चुकीने पुन्हा साधू शकले. ताल बंद होताच सगळे ओसरले असते तर हे कुबडीसारखे साधन ठरले असते. निदान काही काळ तरी लय रुग्णाच्या अंगात मुरली, असे हा निबंध दाखवतो.

आक्षेप पहिला : लहान गटांचे मौन

आता आक्षेपांकडे वळू. दुसऱ्या गटाची ७ टक्के सुधारणा कसोटीला उतरली नाही, याचा अर्थ 'नुसत्या चालण्याने काही होत नाही' असा अनेकदा लावला जातो. तो अर्थ निघत नाही. अकरा माणसांच्या गटात एखाददुसऱ्या रुग्णाचा वाईट दिवस सरासरीला खाली ओढतो. लहान गटाला लहान फरक ऐकूच येत नाही. 'फरक सिद्ध झाला नाही' आणि 'फरक नाही हे सिद्ध झाले' ही दोन विधाने भिन्न आहेत, आणि संशोधक मंडळीही त्यांत गफलत करतात. तिसऱ्या गटाशी तुलना केली तर दुसरा गट १४ टक्क्यांनी वर आहे, हेही विसरू नये. घरात बसून राहण्यापेक्षा तालाविना चालणे बरे, इतके तरी यातून सुचते.

आक्षेप दुसरा : काम कोणी केले

पहिल्या गटाला जे मिळाले ते एकच नव्हते. त्यांना ठोका मिळाला, संगीत मिळाले, आणि ठरावीक क्रमाने वाढत जाणारे वेगाचे लक्ष्यही मिळाले. दुसऱ्या गटाकडे यांपैकी काहीच नव्हते. 'आज कालपेक्षा थोडे जलद' हे लक्ष्य बाहेरून मिळणे हाच मोठा फायदा असू शकतो. मनगटी घड्याळ पाहून किंवा सोबत चालणाऱ्या माणसाच्या वेगाने चालायला सांगितलेला चौथा गट असता तर हे कळले असते.

हा आक्षेप किरकोळ नाही, कारण त्याच १९९६ साली मॉरिस, इॲन्सेक आणि सहकाऱ्यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात एक वेगळाच निष्कर्ष मांडला. जमिनीवरच्या रेषांमुळे रुग्णांची ढांग सुधारली, हे तर त्यांना दिसलेच. पण 'लांब ढांग डोळ्यांपुढे आणा आणि तशी टाका' एवढे सांगून, कोणतीही रेषा नसतानाही, ती जवळपास तशीच सुधारली. मग चालता चालता मन गुंतवणारे दुसरे काम दिले की सुधारणा ओसरू लागली. त्यांचा तर्क असा की खूण असो वा सूचना, रुग्णाचे लक्ष चालीकडे वळते. बिघडलेल्या आपोआप व्यवस्थेचे काम तो जाणीवपूर्वक करतो.

एक निबंध म्हणतो, ताल शरीरात मुरतो. दुसऱ्याचा कल असा, की लक्ष दिल्याने चाल सुधारते. दोन्ही अंशतः खरे असू शकतात, आणि १९९६ च्या थाउट यांच्या आखणीतून त्यांची वाटणी करता येत नाही. 'संगीताने सुधारणा' हा मथळा तर या निबंधावरून मुळीच देता येत नाही. संगीत काढून नुसता ठोका दिलेला गट त्यात नव्हताच.

ठोक्याच्या बाजूनेही बोलायला हवे. ठोक्यावर टाळी देणारा माणूस ठोका ऐकून मग टाळी वाजवत नाही. ऐकून हात हलवायला सेकंदाचा सुमारे सहावा-सातवा भाग लागतो, आणि तेवढा उशीर टाळीत दिसत नाही. उलट, टाळी ठोक्याच्या किंचित आधीच पडते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. नियमित ठोक्यामुळे पुढचा क्षण आधीच कळतो आणि हालचालीची तयारी त्या हिशेबाने होते. शाळेच्या संचलनातील ढोल, लेझीम, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळणारे वारकरी, या सर्वांत हेच तत्त्व आहे. केवळ लक्ष वेधण्यापलीकडचे काही ठोका देतो, असे मानायला जागा आहे.

आक्षेप तिसरा : मेंदूतला वळणरस्ता

ताल कसा काम करतो, याचे एक लोकप्रिय स्पष्टीकरण असे आहे : आतला रस्ता, म्हणजे बेसल गँग्लियामधून जाणारा, नादुरुस्त असतो, बाहेरचा ठोका अनुमस्तिष्कातून आणि प्रमस्तिष्काच्या बाह्यकातून जाणाऱ्या वळणरस्त्याने हालचाल घडवतो. चित्र सुटसुटीत आहे आणि त्याला काही आधारही आहे. पण २००९ साली जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी केलेल्या प्रयोगाने त्याला एक अडचण आणली. ज्या लयीत ठोका स्पष्ट जाणवतो, त्या लयींतले फरक ओळखण्यात कंपवाताचे रुग्ण निरोगी माणसांपेक्षा मागे पडले. ज्या लयीत असा ठोका नसतो, तेथे मात्र दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे गुंफणीतून ठोका शोधून काढण्यात बेसल गँग्लियाचाच हात आहे. ज्या यंत्रणेला आपण वळसा घालतो म्हणतो, तिचीच गरज ऐकताना पडते.

यावर एक व्यवहारी उत्तर असे : गुंतागुंतीच्या संगीतातून रुग्णाला ठोका शोधायला लावू नये, तो आयता, ठळक द्यावा. थाउट यांनी आपल्या फितींत नेमके तसे केले होते. आवडते भावगीत लावून दिले की काम झाले, ही समजूत मात्र यामुळे डळमळीत होते.

पुढच्या प्रयोगांनी काय सांगितले

या विषयातली मोठी कसोटी २००७ साली झाली. बेल्जियम, नेदरलँड्स आणि इंग्लंड येथील संशोधकांनी, ॲलिस न्यूबूर यांच्या पुढाकाराने, १५३ रुग्णांवर 'रेस्क्यू' नावाची चाचणी केली. प्रशिक्षण रुग्णाच्या घरीच दिले गेले, तीन आठवडे. ऐकू येणारा ठोका, दिसणारा प्रकाश किंवा अंगाला जाणवणारा कंप, यांतून रुग्ण आपली खूण निवडू शकत होते. अर्ध्या रुग्णांना प्रशिक्षण आधी आणि अर्ध्यांना नंतर दिले, त्यामुळे प्रत्येक गट दुसऱ्याचा तुलनागट झाला. मोजमाप करणाऱ्यांना कोणाचे प्रशिक्षण झाले आहे हे माहीत नव्हते. १९९६ च्या तुलनेत ही बांधणी पुष्कळ भक्कम आहे.

निकाल काय लागला? अंगस्थिती आणि चाल यांच्या एकत्रित गुणांकात ४.२ टक्के सुधारणा झाली. पाय गोठणाऱ्या रुग्णांत गोठण्याची तीव्रता ५.५ टक्के घटली. वेग आणि पावलाची लांबी वाढली, न पडता वावरण्याचा आत्मविश्वास वाढला. मात्र रोजच्या व्यवहारात आणि एकूण जीवनमानात फरक दिसला नाही. प्रशिक्षण थांबवल्यावर सहा आठवड्यांनी पाहिले तेव्हा मिळालेला लाभ बराच ओसरला होता.

२५ टक्क्यांचे ४.२ टक्के झाले, असा मथळा येथे कोणी देईल. तो चुकीचा ठरेल. पहिला आकडा वेगाचा आहे, दुसरा अनेक बाबी मिळून केलेल्या गुणांकाचा. मीटरची टक्केवारी आणि परीक्षेच्या गुणांची टक्केवारी एका तराजूत घालता येत नाही. एवढे मात्र म्हणता येईल की काटेकोर मोजणीत लाभ खरा ठरला, पण माफक ठरला आणि सराव सुटला की तो सुटला.

सराव चालू ठेवला तर? थाउट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली साठ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. हे सर्व जण आदल्या वर्षात किमान दोनदा पडलेले होते. एका गटाने २४ आठवडे रोज घरी तालावर चालण्याचा सराव केला. दुसऱ्याने तोच सराव केला, पण आठव्या ते सोळाव्या आठवड्यात तो बंद ठेवला. सतत सराव करणाऱ्यांचे पडणे कमी राहिले. मध्ये थांबलेल्या गटाची पीछेहाट झाली. वेगाऐवजी पडणे मोजले, ही या कामातली मोठी सुधारणा आहे, कारण रुग्णाच्या दृष्टीने मोडलेले खुब्याचे हाड टळणे हे मिनिटाला चार मीटर जास्त जाण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. पण दोन्ही गटांना ताल मिळालाच होता. ही चाचणी 'चालू ठेवणे विरुद्ध थांबवणे' याची आहे, 'ताल विरुद्ध बिनताल' याची नाही. १९९६ च्या दुसऱ्या गटाची उणीव येथे जाणवते.

लय कोणती

बातम्यांमुळे खरे नुकसान कोठे होऊ शकते, हे विलेम्स, न्यूबूर आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या प्रयोगावरून कळते. त्यांनी रुग्णांना स्वतःच्या नेहमीच्या गतीपेक्षा कमी आणि जास्त लयीच्या ठोक्यांवर चालवले. ज्यांचे पाय गोठतात त्यांची ढांग १० टक्के जलद लयीवर आणखी आखूड झाली. अशा रुग्णांसाठी लय नेहमीपेक्षा थोडी संथ ठेवावी, आणि ज्यांचे पाय गोठत नाहीत त्यांच्यासाठी ती दहा टक्क्यांपर्यंत वाढवायला हरकत नाही, अशी शिफारस त्यांनी केली.

आता कल्पना करा. बातमी वाचून मुलगा वडिलांना चांगले ठसक्यात वाजणारे जलद गाणे लावून देतो. वडिलांचे पाय दारात गोठतात. लय पुढे पळते, पावले आखूड होतात, तोल जातो. हेतू चांगला, ताल खरा, पण माणूस पडतो. थाउट यांच्या निबंधात लय वाढवत नेली होती, ती प्रशिक्षित व्यक्तींनी बसवलेल्या क्रमाने. 'लय वाढवा' एवढाच सारांश पुढे गेला, तर निबंध बरोबर असूनही सल्ला चुकीचा होतो. म्हणून चेतातज्ज्ञ आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांना दाखवून, रुग्णाची स्वतःची गती मोजून लय ठरवावी. कानात आवाज लावून रहदारीच्या रस्त्यावर तर मुळीच चालू नये. आणि यामुळे औषध कमी करता येते, असा अर्थ वर उल्लेखिलेल्या कोणत्याही प्रयोगातून निघत नाही.

आपल्याकडेही या दिशेने काम झाले आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्णांचा आणि कुटुंबीयांचा स्वमदत गट आहे, आणि नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले आहेत. अशा वर्गात ताल असतो, सोबत असते, हसणे असते. त्यातला ताल किती काम करतो आणि सोबत किती, हे निराळे करणे कठीण आहे. रुग्णाला ते निराळे करण्याची गरजही नाही. दोन्ही मिळाले तर बरेच आहे. दावा करणाऱ्या शास्त्रज्ञाला मात्र ते निराळे करावेच लागते.

वर्गात काय करता येईल

शाळेच्या मैदानावर दहा मीटरची रेषा आखा. विद्यार्थ्याला नेहमीसारखे चालू द्या. पावले आणि सेकंद मोजा. त्यावरून पावलाची लांबी, मिनिटाची गती आणि वेग काढा. मग मोबाइलवरच्या मेट्रोनोमने त्याच गतीचा, त्यानंतर १० टक्के जास्त आणि १० टक्के कमी लयीचा ठोका देऊन मोजणी पुन्हा करा. कोणत्या लयीवर पावलाची लांबी बदलते आणि कोणत्या दिशेने, हे पाहा. शेवटी १०० पासून सात-सात वजा करत चालायला सांगा आणि काय होते ते नोंदवा. निरोगी मुलांतही चाल थोडी बदललेली सापडेल. लक्ष आणि चाल यांचा संबंध हाताला लागेल. प्रयोग आपापसांतच करावा. घरातल्या किंवा शेजारच्या रुग्णावर तो करून पाहू नये, हे विद्यार्थ्यांना बजावून सांगावे.

त्यानंतर फळ्यावर १९९६ चे तीन गट लिहा आणि विचारा, चौथा गट कोणता हवा? नुसता ठोका? ठोक्याविना संगीत? वेगाचे लक्ष्य पण आवाज नाही? प्रत्येक उत्तरासोबत तो गट कोणत्या शंकेचे निरसन करतो, हे सांगायला लावा.

आमचे मत थोडक्यात असे. थाउट आणि सहकाऱ्यांचा निबंध चांगला आहे. ज्या गोष्टीबद्दल तोवर बहुतांशी किस्से होते, तिला त्यांनी गट, आकडे आणि तुलना दिली; म्हणून तर त्यातल्या उणिवा आपल्याला बोट ठेवून दाखवता येतात. ताल कंपवात बरा करत नाही. योग्य लयीवर, नियमित सरावाने, माहितगाराच्या देखरेखीखाली तो काही रुग्णांची पावले लांबवतो आणि पडणे कमी करू शकतो. आजारी माणसाच्या घरी एवढा लाभही लहान नसतो, आणि तो सांगताना वाढवून सांगण्याची गरज नाही.